एकाच पत्र्यावर दोघं

एर्लिंदा बोकानेग्रा आणि एवारिस्तो मासियास यांचं जमलं ते एका भोपळ्यावरून. कामगारांसाठी संध्याकाळचा चित्रकलेचा वर्ग होता. मास्तरांनी टेबलावर भोपळा ठेवला आणि ते खिडकीशी सिगारेट ओढत उभे राहिले. वीस जणांनी तो भोपळा नारिंगी काढला. एकट्या एवारिस्तोने निळा काढला.

"भोपळा निळा असतो?" मास्तरांनी विचारलं.

"आज आहे," एवारिस्तो म्हणाला.

सगळा वर्ग हसला. एर्लिंदा तेवढी हसली नाही. दिवसभर बटणांच्या दुकानात उभी राहून तिचे पाय दुखत होते, तरी ती उठून त्याच्या चित्रासमोर गेली आणि म्हणाली, "निळा असू दे. पण तो टेबलावर बसलेला नाही. तरंगतोय."

तीन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी आपला ब्रश तिच्यापुढे धरून म्हणाला, "मग बसवून दाखव." तिने दोन फटकाऱ्यांत खाली सावली टाकली आणि भोपळा बसला. पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं.

त्याआधी एवारिस्तोला तिच्या वडिलांना भेटावं लागलं. तिबुर्सिओ बोकानेग्रा यांची आपिसाकोला पावाची भट्टी होती. हात कोपरापर्यंत पिठात असतानाच त्यांनी विचारलं, "काय करता?"

"रंगवतो."

"घरं?"

"चित्रं."

म्हाताऱ्याने कणकेचा गोळा उलटा आपटला. मग म्हणाला, "तर मग आधी घर रंगवा. माझं दुकान."

एवारिस्तोने दुकान रंगवलं. मन लावून, तीन दिवस. दुकान असं गडद जांभळं झालं की गावातल्या बायका दारापाशी आल्या की छातीवर क्रूस करायच्या आणि हलक्या आवाजात विचारायच्या, "कोण गेलं?" उपासाच्या चाळीस दिवसांत चर्चमधल्या मूर्तींवर जे कापड घालतात, त्याचा तोच रंग. तिबुर्सिओंनी आठवड्याने चुना मारला आणि मुलीला पत्रात लिहिलं, "माणूस मेहनती आहे. पण त्याला रंगापासून लांब ठेवता आलं तर बघ."

ते जमण्यासारखं नव्हतं. मेक्सिको शहरातल्या गेरेरो वस्तीत, चार मजली इमारतीच्या गच्चीवरच्या एका खोलीत त्यांचा संसार सुरू झाला. खोलीबाहेर पाण्याच्या टाक्या, कपडे धुण्याचे दगड, भाडेकरूंच्या दोऱ्या आणि कोणाचा ते कधीच न कळलेला एक कुत्रा. उजेड मात्र असा, की राजालाही मिळू नये. लग्न होऊन महिना झाला नाही तोच ती त्याला 'म्हाताऱ्या' म्हणू लागली आणि तो तिला 'म्हातारे'. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती.

इमारतीची राखण करायची ती प्राक्सेदिसबाई. तळमजल्यावर दाराजवळच्या खोलीत ती राहायची आणि वर जाणारा प्रत्येक माणूस, पत्र आणि गॅसची टाकी तिच्या नजरेखालून जायची. चित्रकारांबद्दल तिचं मत चांगलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या चादरीला एवारिस्तोचा लाल रंग लागला, तेव्हा खून झाला म्हणून तिनेच पोलिसाला वर आणलं होतं.

एवारिस्तो दिवसा सिनेमाचे मोठे फलक रंगवणाऱ्या कारखान्यात होता. तिथे त्याला फक्त मागचं आभाळ आणि डोंगर रंगवायला द्यायचे. एकदा नायिकेचा चेहरा दिला होता. तो हुबेहूब तिच्या मामासारखा झाला. माणूस त्याच्या हाताला वश नव्हता. पण त्याला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण त्याचं खरं काम घरी होतं: 'रचना क्रमांक अकरा'. पहिल्या दहा अर्धवट राहिल्या होत्या. ही अकरावी पूर्ण होणार, असं तो दर रविवारी म्हणायचा. कॅनव्हास एवढा मोठा होता की त्याने तो खोलीतच चौकटीवर ताणला होता. त्यापलीकडे पलंग आणि अलीकडे चूल. झोपायला जायचं तर कलेला वळसा घालून जावं लागे.

एर्लिंदाही रंगवायची. दगडावर कपडे आपटणाऱ्या बायका, ओल्या चादरीतून दिसणारे पाय, साबणाने फुगलेले हात. छोटी छोटी चित्रं. ती एका बैठकीत चित्र पुरं करायची आणि पलंगाखाली सरकवून द्यायची. एवारिस्तो वाकून बघायचा आणि "छान आहे" म्हणायचा. सूप कसं झालंय असं विचारल्यावर माणूस ज्या आवाजात सांगतो, त्याच आवाजात. अकरा नंबरबद्दल ते तासतास बोलायचे. पलंगाखालच्या बायकांचा विषय कधी निघाला नाही, आणि तिनेही तो काढला नाही.

मग प्राक्सेदिसबाईचा नवरा मेलितोन गच्चीवरून पडला.

टीव्हीच्या अँटेनाची काठी सरळ करायला तो कठड्यावर चढला होता. पाय घसरला, आणि चार मजले खाली, अंगणात गादीवाल्याने वाळत घातलेल्या गाद्यांवर तो पाठीवर आपटला. उठला, टोपी शोधली आणि जेवायला गेला. तो पडत होता तेवढ्या वेळात प्राक्सेदिसबाईने सान हुआनच्या मारीया माउलीला नवस बोलून टाकला होता. नवस फेडायचा तर पत्र्यावर घडल्या प्रसंगाचं चित्र काढून घ्यायचं, खाली हकिकत लिहायची आणि देवीच्या भिंतीवर नेऊन ठोकायचं, ही रीतच आहे. नेहमीचा पत्रे रंगवणारा म्हातारा त्याच वर्षी वारला होता. म्हणून ती नाइलाजाने चार मजले चढून वर आली.

"तुम्ही चित्रकार ना?" ती एवारिस्तोला म्हणाली. एर्लिंदा शेजारीच उभी होती, हाताला रंग.

एवारिस्तोने आठवडा घेतला. बाईने पत्रा जवळ धरला, मग लांब धरला. वर हिरवट, आजारी, पण कुठून तरी उजळलेलं आभाळ. मध्ये एक तपकिरी डाग.

"माझा नवरा कुठंय?"

"हा काय, तपकिरी."

"माझा नवरा डाग?" बाईने श्वास घेतला. "म्हणजे आहेच तो डाग. पण ते मी म्हणायचं. तुम्ही नाही."

"बाई, ही पडण्याची क्रिया आहे. शरीर महत्त्वाचं नाही."

"त्याला विचारा महत्त्वाचं आहे का! पाठ अजून काळीनिळी आहे!"

एर्लिंदाने दोघांच्या मधून हात घालून पत्रा उचलला. "उद्या या, बाई," ती म्हणाली.

तिने फडक्याने डाग पुसला आणि तिथे मेलितोन काढला: तोंड वासलेलं, एका हातात टीव्हीची काठी, एक बूट पायातून सुटून वर राहिलेला. खाली गाद्या, गादीवाला डोळ्यांवर हात ठेवून. आभाळही पुसायचं म्हणून तिने फडकं उचललं, आणि ठेवून दिलं. चार मजल्यांवरून पडणाऱ्या माणसाला आभाळ असंच दिसत असणार. तिला ते सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी प्राक्सेदिसबाईने पत्रा खिडकीशी नेऊन पाहिला. "अगदी असाच ओरडला होता मेला," ती पुटपुटली. मग म्हणाली, "पोट एवढं का काढलंस गं?"

"पडताना सदरा वर गेला ना, बाई."

"तेही खरंच," असं म्हणून तिने डोळे पुसले.

इमारतीच्या दाराशी बसणाऱ्या बाईला एखादी गोष्ट आवडली की ती शहरभर होते. महिन्याभरात लोक आपापले चमत्कार घेऊन जिना चढू लागले. बैलाच्या शिंगांतून सुटलेला खाटीक. पळून गेलेला पोपट तीन आठवड्यांनी शिव्या विसरून परत आला म्हणून आभार मानणारी विधवा. एक मुलगी आली, तिला लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेव पळून गेल्याबद्दल लग्नं जुळवणाऱ्या सान अंतोनिओचे आभार मानायचे होते. एर्लिंदा त्यांना उलट्या बादलीवर बसवायची आणि विचारायची. कुठल्या पायात काय होतं? हात कुठे होता? आधी किंचाळलात की आधी प्रार्थना? एवारिस्तो अकरा नंबरसमोर, त्यांच्याकडे पाठ करून बसायचा आणि आपण ऐकतच नाही असं दाखवायचा. मग गिऱ्हाईक गेलं की म्हणायचा, "मंगळवारी दुपारी झालं ना? मग आभाळ पिवळं होतं," आणि पत्रा स्वतःकडे ओढायचा. आभाळ, डोंगर, भिंती तो काढायचा; माणसं, जनावरं ती. याला तो 'पोटाचं काम' म्हणायचा. पण एकदा तिने घाईत स्वतःच आभाळ भरून टाकलं, तर दोन दिवस जेवला नाही.

अशी पाच वर्षं गेली. मग क्रेसेन्सिओ नावाचा बसचालक आला. तोलुकाच्या उतारावर त्याच्या बसचा ब्रेक गेला होता आणि आतोचाच्या बाळ येशूने ती मक्याच्या शेतात नेऊन थांबवली होती. बसमध्ये बावीस उतारू होते, आणि एक टर्की कोंबडी.

"सगळे पाहिजेत," क्रेसेन्सिओ म्हणाला. "आरशात सगळे दिसत होते मला. एकवीस जण प्रार्थना करत होते. एकच नव्हता करत. चौथ्या रांगेतला एक माणूस केळं खात होता. त्याला नका घेऊ."

"पण तो होता ना?" एर्लिंदा म्हणाली.

"होता. पण बाळ येशूला काय वाटेल?"

"बाळ येशूने त्यालाही वाचवलंच की. मग मी कशी गाळू?"

तिने बावीस चेहरे काढले, प्रत्येक अंगठ्याच्या नखाएवढा. चौथ्या खिडकीत केळंवाला, शांतपणे समोर बघत. टर्की सगळ्यांहून घाबरलेली.

तो पत्रा वाळत होता त्याच आठवड्यात ओलावारीया बाई आल्या. शहराच्या महागड्या भागात त्यांचं चित्रांचं दालन होतं. फलकांच्या कारखान्यातल्या कोणीतरी त्यांना अकरा नंबरबद्दल सांगितलं होतं. एवारिस्तोने सकाळपासून तीन सदरे बदलले. बाई काळा चष्मा लावून, धापा टाकत वर आल्या. वळसा घालून अकरा नंबरसमोर उभ्या राहिल्या, मागे सरकायला गेल्या आणि पलंगावर बसल्या.

"हे खाली कसं नेणार?" त्यांनी विचारलं.

एवारिस्तोने दाराकडे पाहिलं. मग कॅनव्हासकडे. मग पुन्हा दाराकडे. सहा वर्षांत हा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता.

"मी काहीतरी गार आणते," असं म्हणून एर्लिंदा कोपऱ्यावरच्या दुकानात पळाली. तिला नवऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. चार मजले खाली, रांग, चार मजले वर; बाटल्या घेऊन ती परत आली तर बाई निघाल्या होत्या, आणि एवारिस्तोच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली होती. बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "तुमचे यजमान फार मोठे कलाकार आहेत. जपा त्यांना."

एर्लिंदाला भरून आलं. अकरा नंबर आवडला! दार फोडावं लागलं तरी फोडू, असं ती मनात म्हणाली. एवारिस्तो म्हणाला, "म्हणजे त्यांना ते... पत्रेही आवडले." आणि बाटली तोंडाला लावली ती संपेपर्यंत काढली नाही. बाईंना पत्र्यांचं प्रदर्शन भरवायचं होतं; त्यासाठी लोकांकडून पत्रे परत मागून आणायचं काम पुढचे दोन महिने दोघांनी मिळून केलं. काही पत्रे अजून घरीच होते, काही भिंतीवरून उतरवून दिले, देवीची माफी मागून.

सप्टेंबरच्या चार तारखेला कार्ड आलं. प्राक्सेदिसबाई ते घेऊन स्वतः वर आली, आणि तिने ते वाचलं होतं हे तिच्या चालीवरूनच कळत होतं. जाड कागद, सुरेख अक्षरं: 'एवारिस्तो मासियास. नवसाची चित्रं.'

एर्लिंदाने दोनदा वाचलं.

"मागच्या बाजूला बघ," प्राक्सेदिसबाई हळूच म्हणाली. "तुझं नाव मागे असेल."

मागच्या बाजूला दालनाकडे येण्याचा नकाशा होता.

आत एवारिस्तो खिडकीशी पाठमोरा उभा होता. चुलीवर तवा तापला होता. एर्लिंदाने तव्याची मूठ धरली आणि ती बराच वेळ तशीच उभी राहिली. प्राक्सेदिसबाई दारातून हलली नाही. साक्षीदार लागला तर असावा म्हणून, असं ती पुढे सांगायची.

"म्हाताऱ्या," एर्लिंदा म्हणाली, "हे काय आहे?"

"अगं, बाईने नाव विचारलं. मी सांगितलं. विचारल्यावर काय खोटं सांगू?"

"चित्रं कोणाची विचारलं, की तुझं नाव विचारलं?"

"गडबडीत नीट कळलं नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं गं. तोंडातून निघून गेलं."

"त्या बसमध्ये बावीस माणसं आहेत. क्रेसेन्सिओ धरून तेवीस. त्यातलं एक तरी तू काढलंस?"

"बस मी काढली!"

"चाकं मी काढली. तुझी बस हवेत होती."

एवारिस्तो दुसऱ्या दिवशी दालनात जाऊन आला. कार्डं छापून झालीत, बाई म्हणाल्या; दोन नावांनी लोक गोंधळतात; पुढच्या वेळी बघू.

"पुढच्या वेळी," एर्लिंदा म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिने ब्रश खाली ठेवला. गिऱ्हाईक आलं की ती म्हणायची, "साहेबांना भेटा. कलाकार ते आहेत." एवारिस्तोने एका म्हातारीची पुरात वाहून जाता जाता वाचलेली शेळी काढली. म्हातारीने पत्रा उलटासुलटा करून पाहिला.

"माझी शेळी वाचली होती, बाबा," ती म्हणाली. "खुर्ची नाही."

पलीकडे एर्लिंदा घेवडा निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे खांदे हलत होते, आणि ते रडण्याने नव्हे.

प्रदर्शनाच्या संध्याकाळी ती त्याच्याबरोबर गेली. काळा झगा, अंगावर शाल, शालीखाली कागदात गुंडाळलेलं काहीतरी. एवारिस्तोने विचारलं नाही. अलीकडे तो काहीच विचारत नव्हता. दालनात अत्तर लावलेली माणसं हातात पेले घेऊन फिरत होती. प्राक्सेदिसबाई आणि मेलितोन मेलितोनच्या पत्र्याखालीच उभे होते, आणि जो येईल त्याला मेलितोन आपली पाठ दाखवायची तयारी दाखवत होता. क्रेसेन्सिओने तर कमालच केली. त्याने बसच दाराशी आणली, आणि उतारूंपैकी जे जे सापडले ते आत उतरवले. ते आपापला चेहरा शोधत बोटं लावायला लागले, तेव्हा ओलावारीया बाईंनी काळा चष्मा काढून पुन्हा घातला.

या गर्दीत एर्लिंदाने शेवटच्या भिंतीवर एक रिकामा खिळा पाहिला आणि शालीखालचा पत्रा तिथे टांगून दिला.

थोड्या वेळाने बाईंनी टाळी वाजवली. "चित्रांखालच्या हकिकती स्वतः चित्रकाराच्या तोंडून ऐकू या!" एवारिस्तो खुलला. चष्मा त्याने ऐटीपायी घरी ठेवला होता, त्यामुळे तो प्रत्येक पत्र्याला नाक लावून वाचत चालला. लोक हसत होते. बैल झाला, पोपट झाला, बस झाली. शेवटच्या पत्र्याशी तो आला आणि त्याच ठसक्यात त्याने सुरुवात केली:

"सांता रीता माउली, नवऱ्यांनी गांजलेल्या बायकांची कैवारी! सप्टेंबरच्या चार तारखेला एक कार्ड आलं, त्यावर दोघांच्या कामाला एकाचंच नाव होतं. त्या वेळी माझ्या हातात..."

इथे त्याचा आवाज उतरला. पण मागे साठ माणसं उभी होती.

"...माझ्या हातात तापलेला तवा होता, आणि नवरा दोन हातांवर पाठमोरा उभा होता. तुझ्या कृपेने तवा चुलीवरच राहिला. म्हणून हा पत्रा वाहते. एर्लिंदा बोकानेग्रा, चित्रकार. या भिंतींवरची सगळी माणसं, जनावरं आणि चाकं माझी. आभाळ त्याचं."

हशा असा झाला की पेले हिंदकळले. हे ठरवून केलंय असंच लोकांना वाटलं. पत्र्यावर खोली होती, चूल होती, तवा धरलेला हात होता, आणि खिडकीशी पाठमोरा एवारिस्तो, टाळूवरच्या नाण्याएवढ्या टकलासकट, जे त्याला स्वतःला आजवर माहीत नव्हतं. त्याने नकळत हात मागे नेऊन चाचपलं.

मग तो पुन्हा पत्र्याकडे वाकला. आता हा निघून जाईल, एर्लिंदाला वाटलं, आणि मी काय केलं हे?

"आभाळ चुकलंय," एवारिस्तो म्हणाला.

त्याने पत्र्यावर बोट ठेवलं.

"खिडकीतलं आभाळ. सप्टेंबरात दुपारी असं नसतं." त्याने वळून ओलावारीया बाईंकडे पाहिलं. "बाकी सगळं खरं आहे, बाई. माणसं तिची. मला माणूस काढता येत नाही. मी काढला तर खुर्ची होते."

प्राक्सेदिसबाईने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि बसचे उतारू सामील झाले. तेवढ्यात एक सडपातळ गृहस्थ गर्दीतून पुढे आले आणि एर्लिंदासमोर टोपी काढून उभे राहिले. चौथ्या खिडकीतले ते. "बाई, मीही प्रार्थनाच करत होतो," ते कळवळून म्हणाले. "तोंडात केळं होतं म्हणून ओठ हलले नाहीत."

इथे त्यांचं नशीब उघडायला हवं होतं. एका सुखवस्तू गृहस्थाने तव्याचा पत्रा मागितलाही. "तो सांता रीताचा आहे," एर्लिंदा म्हणाली. मग त्याने मेलितोन मागितला, आणि प्राक्सेदिसबाई दालनाच्या मधोमध उभी राहिली. "माउलीचा पत्रा विकायला काढता? आणि माझा नवरा पुन्हा पडला तर? तेव्हा गाद्या नसल्या तर?" उतारूंनाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे लोक आपापले पत्रे काखेत मारून घेऊन गेले. भिंतीवर नुसते खिळे उरले. ओलावारीया बाईंनी पुन्हा कधी कार्ड छापलं नाही. एका नावाचंही नाही आणि दोन नावांचंही नाही.

त्या दुपारी एर्लिंदा आपला पत्रा कागदात गुंडाळत होती. एवारिस्तो दाराशी घुटमळत होता.

"मी म्हणत होतो," तो म्हणाला, "फक्त खिडकी. दोन बोटं जागा. तुझी हरकत नसेल तर."

लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि त्याने पहिल्यांदा विचारलं होतं. तिने कागद सोडला. त्याने दोन बोटं आभाळ काढलं, तिला चिडचिड होईल इतकं बरोबर. मग तो हातोडा घेऊन तिच्याबरोबर चर्चमध्ये गेला आणि खिळा त्याने स्वतः ठोकला. एक घाव अंगठ्यावर बसला, पण तो ओरडला नाही.

जिन्याखाली पाटी लागली: 'बोकानेग्रा आणि मासियास. नवसाची चित्रं. वरचा मजला. जिना सांभाळून.' तिचं नाव आधी का, असं मेलितोनने विचारलं, तेव्हा एवारिस्तोने मुळाक्षरांचा क्रम सांगितला. त्या हिवाळ्यात त्याने अकरा नंबर चौकटीवरून उतरवून कात्रीने आठ तुकडे केले. एर्लिंदा ओरडली. "दारातून जाणार नव्हतंच ते," तो म्हणाला आणि तुकडे उलटे करून, पांढरी बाजू वर, तिच्यापुढे ठेवले. "तुझ्या त्या पलंगाखालच्या बायकांना जरा ऐसपैस बसू दे." पहिली धोबीण खरोखरीच्या बाईएवढी झाली. तो तिच्यासमोर सिगारेट विझेपर्यंत बसला आणि म्हणाला, "हिचे हात बघून मला माझी आई आठवली." त्या आठांपैकी दोन विकल्या गेल्या. सहा शेवटपर्यंत घरात राहिल्या, आणि पाहुणे आले की त्यांच्यातलीच एक हलवून बसायला जागा करावी लागे.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा प्राक्सेदिसबाईने त्यांना तळमजल्यावरची खोली मिळवून दिली. उजेडाच्या नावाने शंख. एवारिस्तोचं आभाळ वर्षागणिक पिवळं, मग तपकिरी होत गेलं. एर्लिंदाला वाटलं, ही म्हातारपणची शैली असेल. शेवटी डॉक्टरांनी त्याचे मोतीबिंदू काढले. पट्टी सुटली त्या सकाळी तो अंगणात गेला, वर पाहिलं आणि धावत आत आला.

"म्हातारे! निळं आहे!"

"काय निळं?"

"सगळं! मी दहा वर्षं गढूळ काढतोय आणि तू बोलली नाहीस?"

"मला वाटलं मुद्दाम काढतोस. भोपळा तरी कुठे निळा होता?"

"अगं, चर्चमध्ये शंभरेक पत्रे लागलेत तसले! लोक काय म्हणत असतील?"

"माउलीला चाललं, तर तुझं काय जातं? सूप पी."

त्याने सूप प्यायलं. पण दोन दिवसांनी खिशात रंगाची नळी आणि ब्रश घालून तो गायब झाला. दुपारी सान इपोलितोच्या चर्चमधून निरोप आला, की कोणी एक म्हातारा शिडीवर चढून देवाचे पत्रे खराब करतोय आणि खाली उतरायला तयार नाही. एर्लिंदा काठी टेकत गेली. राखणदार खाली उभा राहून शिव्या आणि 'हे प्रभू' आळीपाळीने म्हणत होता. वर एवारिस्तो, सत्तर वर्षांचा, एका हाताने खांबाला धरून.

"कोण आहे हा माणूस?" राखणदाराने विचारलं.

"माझे यजमान. वेडे नाहीत ते. म्हणजे, तसे फारसे नाहीत."

तिने वर बघितलं. ओळीतले तीन पत्रे झाले होते, चौथा अर्धा. अर्ध्या भागात पावसानंतरचं धुतलेलं निळं आणि उरलेल्यात तो जुना गढूळपणा. खाली तिने काढलेला त्या जुन्या खाटकाचा मुलगा, बापासारखाच, बैलाच्या शिंगांवर तरंगत होता, आणि त्या निळ्यामुळे पहिल्यांदाच तो खरोखर वाचेल असं वाटत होतं.

"आज्जी, सांगा त्यांना उतरायला," राखणदार म्हणाला.

"आता अर्धवट कसं उतरणार?" एर्लिंदा म्हणाली. तिने काठी राखणदाराच्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. "कर लवकर, म्हाताऱ्या. आणि बैलाला रंग लावू नकोस हं. बैल माझा आहे."